आधी सांधा बघा: परदेशी मदतीने मशीद आणि सांस्कृतिक केंद्र बांधायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: कराडजवळच्या एका गावातली जुनी मशीद लहान पडते. कुवेत-दुबईला असलेली गावची मुलं आणि तिथले काही दाते पैसे द्यायला तयार आहेत. एका दात्याला तुर्की पद्धतीचा घुमट हवाय, कारागीरही तिकडचेच आणायचेत, आणि तळमजल्यावर सगळ्या गावासाठी सांस्कृतिक केंद्र करायचंय. अशी कामं जगात कुठे झाली, कशी झाली, आणि आपण कशाला जपायचं?

मी मिरजेचा. सिव्हिल इंजिनिअर म्हणून पस्तीस वर्षं झाली. त्यातली नऊ आखातात गेली, बाकी सगळी सांगली-सातारा पट्ट्यात. मशिदी, देवळं, मंगल कार्यालयं, साखर कारखान्यांची गोदामं, काय म्हणाल ते केलंय. म्हणून उत्तर इंजिनिअरचं देतो. धर्माचं तुमच्या मौलानांना विचारा, हिशेबाचं सीएला.

पहिल्यांदा एक जुनी गोष्ट. आखातात एका मशिदीच्या साइटवर आरसीसीचं काम आमच्याकडे होतं. सेंटरिंगवाले केरळचे, गवंडी मुलतानचे, आणि आतल्या जिप्समच्या नक्षीचे तुकडे तिसऱ्याच देशात साच्यात ओतून, भुशाच्या पेट्यांत भरून आलेले. घुमटाच्या बुडाशी अठ्ठेचाळीस तुकड्यांची कडी बसायची होती. सत्तेचाळीस बसले. शेवटच्याला जागा चार बोटं कमी पडली. ड्रॉइंगमधला घुमट गोल होता, आमचा ओतलेला एका अंगाला चार सेंटीमीटर आत आलेला. नशीब एवढंच की तुकडे तात्पुरते टांगले होते, पक्के चिकटवले नव्हते. नक्षीवाल्यांच्या मुकादमाने एक शब्द न बोलता सगळे खाली उतरवले आणि दोन माणसं घेऊन रात्रभर प्रत्येकाची कड दीड-दीड मिलिमीटर घासत बसला. सकाळी कडी मिटली. चूक कोणाची, यावर भांडण मात्र पुढे तीन आठवडे चाललं, कारण काँक्रीटचा करार वेगळा, नक्षीचा वेगळा, आणि काँक्रीटच्या गोलाईत किती फरक चालेल हे दोन्ही करारांत लिहिलेलंच नव्हतं.

तेव्हापासून असं कुठलंही काम आलं की मी पहिल्यांदा सांधा बघतो. एकाचं काम कुठे संपतं, दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, आणि मधल्या बोटभर जागेला जबाबदार कोण. हे दगडाला लागू आहे, तसंच पैशाला आणि कारभारालाही.

वॉशिंग्टनचं इस्लामिक सेंटर घ्या. १९४४ साली तिथले तुर्की राजदूत मुनीर एर्तेगुन वारले, तेव्हा राजधानीत त्यांच्या जनाज्याची नमाज होईल अशी मशीदच नव्हती. (त्यांचं पार्थिव पुढे १९४६ मध्ये ‘मिसुरी’ या युद्धनौकेवरून इस्तंबूलला नेलं.) त्या प्रसंगातून कल्पना निघाली. पॅलेस्टाईनहून आलेला एक बांधकाम कंत्राटदार आणि इजिप्तचे राजदूत यांनी पुढाकार घेतला, जागा घेतली, जानेवारी १९४९ मध्ये पायाभरणी झाली. आराखडा मारिओ रॉस्सी या इटालियन माणसाचा, ज्याची हयात इजिप्तमध्ये मशिदी बांधण्यात गेली. इजिप्तने काशाचं मोठं झुंबर दिलं आणि भिंतींवर कुराणाच्या आयती लिहायला जाणकार पाठवले. तुर्कस्तानने फरश्या दिल्या, इराणने गालिचे. उद्घाटनाला २८ जून १९५७ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आले होते.

यात मला आवडणारी गोष्ट एकच. तुर्कस्तानने फरश्यांबरोबर त्या बसवणारी माणसंही पाठवली. माल एकाचा आणि हात दुसऱ्याचा, असं केलं नाही. तुमच्या दात्याला हेच सांगा: टाइल्स पाठवणार असाल तर बसवणारा पाठवा. आणि तो यायच्या आधी आमची भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे त्याच्या माणसाने येऊन तपासून कागदावर सही करावी. ती सही झाल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

टोकियोचं उदाहरण तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळ जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रशियन क्रांतीनंतर कझानकडचे तातार मुसलमान देशोधडीला लागले, त्यातले काही जपानला पोचले. त्यांनी १९३८ साली टोकियोत मशीद उभी केली. पुढे ती इमारत खिळखिळी झाली आणि १९८६ मध्ये पाडावी लागली. जागा तुर्कस्तानकडे सोपवली गेली, ती तिथे पुन्हा मशीदच व्हावी म्हणून. पण काम सुरू व्हायला १९९८ उजाडलं. म्हणजे बारा वर्षं मोकळं मैदान. गावात जुनी मशीद पाडून नवी बांधू म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. नवीचा पैसा बँकेत आणि परवाना हातात आल्याशिवाय जुनीची एक वीट हलवू नका.

सुरू झाल्यावर मात्र दोन वर्षांत, ३० जून २००० रोजी, नवी मशीद उघडली. आराखडा हिल्मी शेनाल्प यांचा, शैली अस्सल उस्मानी. घुमटाची उंची सव्वातेवीस मीटर, मिनार साडेएकेचाळीस मीटर. संगमरवर तुर्कस्तानातून आला आणि कोरीवकाम, रंगकाम, खत्ताची म्हणजे सुलेखनाची कामं करायला तिकडचे कारागीर आले. सांगाडा काँक्रीटचा, भूकंपाच्या देशाला शोभेल असा. सांधा कुठे ठेवला बघा. वजन पेलणारं सगळं स्थानिक नियमाने, डोळ्याला दिसणारं सगळं तुर्की हाताने. खाली सांस्कृतिक केंद्र, वर नमाजाची जागा. केंद्रात जपानी लोक येतात, इमारत बघतात, माहिती घेतात, मुसलमान असण्याची अट नाही.

कराडला हीच वाटणी चालेल. दगडी घुमट, दगडी मिनार असा हट्ट दात्याने धरला तर त्याला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगा. कोयनेच्या भूकंपाने आपल्या भागात काय केलं ते घरातली वडीलधारी मंडळी अजून सांगतात. कराडात आदिलशाही मशिदीचे उंच मनोरे उभे आहेत हे खरं, पण ते बांधणारे गवंडी आणि त्यांचा चुना आज कुठून आणणार? मिनार आरसीसीचा करा आणि मुख्य हॉलपासून सुटा ठेवा. दोघांचा पाया वेगळा, मध्ये सांध्याची मोकळी फट. भूकंपात उंच बारीक मिनार एका तालात डोलतो, बसका हॉल दुसऱ्या. चिकटून बांधले तर एकमेकांना धडका देतात. ही फट किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर गणिताने काढेल. ‘बघायला बरं दिसत नाही’ म्हणून ती प्लास्टरने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत.

घुमट हवाच का, असंही एकदा विचारून बघा. इस्लामाबादची फैसल मशीद सौदी पैशाने झाली, आराखडा वेदात दालोकाय या तुर्की वास्तुविशारदाचा, आणि तिला घुमटच नाही. उतरत्या काँक्रीटच्या पाखांचा तंबू आहे तो. १९६९ च्या स्पर्धेत सतरा देशांतून त्रेचाळीस आराखडे आले होते, त्यातून हा निवडला. १९७६ ला काम सुरू झालं तेव्हा लोक कुरकुरले, १९८६ ला संपेपर्यंत सवय झाली. केंब्रिजची २०१९ ची मशीद बघा. पैशाचा मोठा वाटा तुर्कस्तानचा, पण आराखडा इंग्लंडमधल्या वास्तुविशारदांचा, लाकडी खांब स्वित्झर्लंडमध्ये कापून-घडवून आणलेले, झाडासारखे वर जाऊन एकमेकांत गुंफलेले. बाहेरची वीट मात्र गावच्या घरांच्या रंगाची. समोर बाग. मिनार नाही. दात्याने आपल्या देशाची प्रतिकृती पाहिजे म्हणून आग्रह धरला नाही, की धरला असेल तर स्थानिकांनी तो मोडून काढला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. निकाल चांगला आला.

आपल्या पावसात घुमटाची खरी कटकट गळतीची असते. सपाट स्लॅबला विटांच्या तुकड्यांचा, ब्रिकबॅट कोबा करतो तसा घुमटावर टिकत नाही, घसरतो. तुर्कस्तानात घुमटावर शिशाचे पत्रे बसवतात. इथे ते परवडणार नाहीत, आणि परवडले तरी वर्षभरात कोणीतरी काढून नेईल. घुमटाला दाट काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि वरून पांढरं चायना मोझॅक, हे आपल्या गवंड्यांना जमतं. आतून जिप्समची नक्षी करायची तर दोन पावसाळे जाऊ द्या. गळती नाही याची खात्री पटली की मगच कारागिरांना तिकीट पाठवा. ओल धरलेलं जिप्सम हाताने चुरगळतं.

आवाजाचं आणखी एक. विजापूरचा गोल घुमट सगळ्यांनी पाहिलाय, टाळी वाजवली की किती वेळा ऐकू येते ते मुलं मोजतात. सहलीला ते छान. खुतब्याला, म्हणजे जुम्म्याच्या प्रवचनाला, नाही. घुमट आवाज गोळा करून एका जागी टाकतो, बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच पुढच्या वाक्यावर येऊन आदळतं. उस्मानी उस्ताद सिनानने घुमटाच्या जाडीत तोंड उघडी मातीची मडकी बसवून हा घोळ आवरला होता. आज जाड गालिचा, मागच्या भिंतीला आवाज शोषणारं आवरण आणि लहान लहान स्पीकर जास्त संख्येने लावले की भागतं. मोठे दोन भोंगे आत लावून आवाज वाढवत नेणं हा उपाय नाही.

आता जागेचं गणित. नमाजाच्या एका रांगेला, सफेला, साधारण चार फूट लागतात आणि माणसी दोन फूट. म्हणजे आठ चौरस फुटांत एक माणूस. चाळीस बाय साठच्या हॉलमध्ये तीनशे. पण हॉल रस्त्याला समांतर बांधला आणि किबला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, तिरका निघाला, तर रांगा तिरक्या बसतात, कोपऱ्यांत तिकोनी जागा वाया जातात आणि तीनशेचे अडीचशे होतात. आपल्याकडे अनेक जुन्या मशिदी सरळ पश्चिमेला तोंड करून आहेत. कराडहून मक्केची दिशा मात्र पश्चिमेपासून सुमारे तेरा अंश उत्तरेकडे आहे. तेरा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. साठ फूट भिंतीच्या टोकाला तोच फरक जवळजवळ चौदा फूट होतो. जुन्या मशिदीचं काय करायचं ते मौलाना सांगतील, नवी बांधताना पहिल्या खुंटीपासूनच दिशा धरा.

वॉशिंग्टनला यावरून गंमत झाली होती. शाळेतल्या नकाशावर तिथून मक्का आग्नेयेला दिसते. मशीद मात्र ईशान्येकडे वळवलेली, रस्त्याशी फटकून. बघणाऱ्यांना वाटलं, दिशाच चुकली. पण पृथ्वी गोल आहे, सगळ्यात जवळचा मार्ग वर उत्तरेकडून वळसा घेऊन जातो, हिशेब केला तर उत्तरेपासून पूर्वेकडे साडेछप्पन्न अंश येतात. टोकियोलाही तसंच, तिथून किबला पश्चिमेच्या उत्तरेला येतो.

पैशाचं थोडक्यात. तुमच्या गावचा मुलगा कुवेतमध्ये असला, पासपोर्ट भारतीय असला, आणि स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पैसे पाठवत असला, तर तो विदेशी निधी धरत नाहीत. तोच मुलगा उद्या दुसऱ्या देशाचा नागरिक झाला, ओसीआय कार्डवाला (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) का असेना, तर धरतात. परदेशी दाता किंवा तिथली संस्था यांचा पैसा तर विदेशी निधीच. त्यासाठी २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पहिल्यांदा दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. संस्था तीन वर्षं जुनी नसेल तर त्या एका कामापुरती आगाऊ परवानगी मागायची. गावातल्या एकाच्या बचत खात्यात पैसे मागवून ‘नंतर बघू’ असं करू नका. आणि कारागीर टुरिस्ट व्हिसावर आणून कामाला लावू नका.

देणाऱ्याचा हात किती लांब पोचतो, हेही आधी ठरवायला हवं. जर्मनीत कोलोनची मशीद बघा. २००९ मध्ये काम सुरू झालं, २०११ मध्ये बांधून घेणारी तुर्की संघटना आणि वास्तुविशारद पाउल ब्योम यांचं दोषांवरून इतकं बिनसलं की त्यांना काढून टाकलं. अधिकृत उद्घाटन सप्टेंबर २०१८ मध्ये झालं, ते तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते, आणि शहराच्या महापौर आल्याच नाहीत. इमारत देखणी आहे, काँक्रीट आणि काचेच्या पाकळ्यांसारखी. पण ज्या गावात ती उभी आहे त्या गावची पहिली माणूस उद्घाटनाला नाही, हे मला फार लागलं. तुमच्या समारंभाला दाता व्यासपीठावर कुठे बसेल, इमाम कोण नेमेल, कोनशिलेवर कोणाचं नाव, हे आजच लेखी करा. नंतर बोलायला संकोच वाटतो, कारण तोवर पैसे खर्च झालेले असतात.

पैसा उलट्या दिशेनेही गेलाय, हे दात्यांना चहाच्या वेळी सांगायला हरकत नाही. जपानमधली पहिली मशीद कोबेची, १९३५ ची. तिच्यासाठी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी मोठा वाटा उचलला होता, तातार आणि तुर्कही होते, आराखडा एका चेक माणसाचा. दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेक तिने सोसली, १९९५ चा भूकंपही सोसला.

तळमजल्याच्या केंद्राविषयी माझी मतं ठाम आहेत. त्याला स्वतःचा दरवाजा हवा, रस्त्याच्या बाजूने. नमाजाला येणाऱ्यांच्या चपला आणि केंद्रात येणाऱ्यांच्या चपला एका जागी जमल्या की महिन्याभरात दुसरे यायचे बंद होतात, कोणी काही न बोलता. बायकांसाठी वेगळं, उजेडाचं प्रवेशदार आणि स्वच्छतागृह हवं, जिन्याखालच्या अंधारात नको. ग्रंथालयाची कपाटं भरण्यापेक्षा अभ्यासिका करा. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहाला टेबल अडवायला येतील, सगळ्या जातींची, आणि त्यांच्यामुळे इमारत दिवसभर जागी राहील. वजूखान्याचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेचं, पाणी गटारात सोडण्यापेक्षा बागेकडे वळवा, साबण नसल्यामुळे ते झाडांना चालतं.

गाव नदीकाठी असेल तर तळमजला म्हणजे पुराचा मजला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी पंचेचाळीस असताना. भिजून फुगलेली पुस्तकं फावड्याने ओढून ट्रॉलीत भरताना मी पाहिलीत. गावात पुराची खूण कुठल्या भिंतीवर आहे ते विचारा, जोतं त्याच्या वर घ्या. विजेचा बोर्ड माणसाच्या डोक्याच्या वर.

बाकी सांस्कृतिक केंद्र म्हणजे काय, हे आपल्या भागाला टोकियोकडून शिकायची गरज नाही. कडेगावच्या मोहरममधल्या ताबुतांना खांदा द्यायला कोण कोण असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. मिरजेच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सतार-गाण्याच्या रात्री होतात, आणि तिथल्या सतारी घडवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. दारं, खिडक्यांच्या जाळ्या, मिंबर (इमाम प्रवचन देतात ती पायऱ्यांची बैठक) ही लाकडाची कामं या हातांना दाखवून बघा. तुर्की कारागीर आला तर त्याच्या शेजारी आपले दोन पोरगे बसवा. कारागीर तीन महिन्यांनी परत जाईल, आणि दहा वर्षांनी मेहराबीतली (किबल्याच्या भिंतीतल्या कमानीतली) एक फरशी निखळेल, तेव्हा ती बसवायला कोणीतरी गावातलंच लागेल. जादा फरश्यांची एक पेटीही मागून घ्या, दर बॅचचा रंग थोडा वेगळा येतो.

कुठून सुरुवात करायची, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. दिशेपासून करा, तिला पैसे लागत नाहीत. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, साइटवर सळई पडली की सुई भरकटते. २८ मे रोजी मक्केत दुपारी बारा अठराला सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो. आपल्या घड्याळात तेव्हा दोन अठ्ठेचाळीस झालेले असतात. जुलैच्या १६ तारखेलाही दोन सत्तावन्नला असाच योग येतो, पण तेव्हा कराडला सूर्य दिसेल याची हमी कोण देणार? मे महिन्यात जा. मोकळ्या जागेत दहा फुटी बांबू ओळंब्याने सरळ उभा करा, घड्याळ रेडिओवरून लावून घ्या. सावली साडेसहा फुटांच्या आत पडेल. दोन अठ्ठेचाळीसला तिच्या टोकाला खुंटी ठोका आणि टोकापासून बांबूच्या बुडापर्यंत दोरी ताणा. सावलीच्या टोकाकडून बांबूकडे तोंड करून उभं राहिलात की समोर किबला. मौलानांना बोलवा, गावातल्या चार पोरांना बोलवा, आणि ती रेघ चुन्याने आखून ठेवा. पुढचा नकाशा तिच्यावरून काढू.